वाचनालयाच्या डगडगत्या मेजावरील फत्ते

हे कागद ज्यांचे हाती पडतील त्या थोर वाचकांनी प्रथम आपले पुढील मेज दोन्ही हातांनी दाबोन पाहावे. डगडगत असल्यास वाचन तहकूब करावे, पायाखाली कागदाची घडी सारावी आणि मग पुढील मजकुरास हात घालावा. कारण ज्या पुरुषाची ही हकीकत आहे, त्यांस आपले चरित्र डगडगत्या मेजावर वाचिलेले रुचणार नाही. लिहिणाराने जे पाहिले ते लिहिले, जे ऐकिले ते त्यांच्या कन्येकडोन ताडून घेतले. कन्येच्या मातोश्रींनी "उगाच फुगवून लिहू नका" ऐसे निक्षून बजाविले होते, ते मात्र पाळता आले नाही.

वर्तमान ऐसे जे, कन्येचे तीर्थरूप बाबा, डगडगमर्दन, चतुष्पादस्थैर्यधुरंधर, वजनकाटे तपासणीचे निवृत्त निरीक्षक, ज्यांस पुढे खासे म्हटले आहे, यांस हा नाद ऐन तरुणपणी लागला. खात्याच्या उपाहारगृहात टपाल विभागातील एक बाई समोर येऊन बसल्या, आणि मेज डगडगले, आणि बाईंचा चहा बाईंच्याच फायलीवर सांडला. मग खाशांनी बसचे तिकीट काढोन त्यास चार घड्या घातल्या आणि मेजाखाली उतरोन पायास लाविल्या, आणि मेज ऐसे ठाकले की बाई हसल्या. त्याच पुढे मातोश्री जाहल्या. मातोश्रींचे म्हणणे, आपण हसलो ते खाशांच्या केसांस जळमट लागले होते म्हणोन. खाशांनी हे कारण आजतागायत मान्य केले नाही.

तेव्हापासोन खिशात चामडी बटवा, बटव्यात बुचाच्या चकत्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, पुठ्ठ्याच्या पाचरी आणि एक कात्री, ऐसा सरंजाम बाळगोन खाशांनी चाळीस वर्षे मुलूखगिरी केली. दंतवैद्याचे मेज, न्हाव्याचे मेज, बँकेत पावत्या भरावयाचे मेज, सर्व एकामागोन एक सर केले. बोलता बोलता खासे अंतर्धान पावत आणि मग खालोन समाधानाचा हुंकार येई, तेसमयी त्यांचे मुखावर जो आनंद दिसे तो बढतीच्या दिवशीही दिसला नव्हता.

कन्येस मात्र या पराक्रमाचा भारी जाच. वयाच्या पंधराव्या वर्षी तिने फर्मान काढिले की घराबाहेर कोणी मेजाखाली जाऊ नये. खाशांनी ते शिरसावंद्य मानिले आणि त्याच सायंकाळी मोडिले. पुढे ती विमा कचेरीत अंमलदार जाहली, कचेरीने कुटुंबांस भोजनास बोलाविले, आणि खासे थेट मुख्य साहेबांच्या मेजाखाली गेले. तेथे कन्येने जे उद्गार काढिले ते अस्सल येणेंप्रमाणे: "बाबा, बाहेर या. साहेब विचारताहेत पाय कुठे ठेवू."

मजकूर साली खाशांचे दोन्ही गुडघे फितूर जाहले. हाडांच्या डॉक्टरांनी छायाचित्र उजेडास धरोन हुकूम फर्माविला की उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सोमवारी, आणि तदनंतर गुडघे टेकणे, उकिडवे बसणे, जमिनीवर उतरणे कायमचे बंद. हा हुकूम ते लिहीत असता त्यांचेच मेज डगडगले आणि सही वाकडी जाऊन कागदाबाहेर पडली. खाशांचे लक्ष छायाचित्राकडे नव्हते, मेजाच्या पायाकडे होते. त्यांणी एकच अर्ज केला.

"म्हणजे सोमवारपर्यंत चालेल?"

"काय चालेल?" ऐसे डॉक्टरांनी पुसिले, तों कन्येने खाशांस दंडास धरोन दालनाबाहेर काढिले.

त्या सायंकाळी खासे मातोश्रींस हलक्या आवाजात म्हणाले, "सगळी झाली गं. वाचनालयातलं तेवढं राहिलं." कन्या दाराआड होती. बापाचा हा आवाज तिने पूर्वी ऐकिला नव्हता. जन्मभर ज्या नादाचा तिला संकोच वाटला, तो आता चार दिवसांत संपणार या विचारे तिला रडूच आले. मग तिने नाक पुसोन कचेरीस चार दिवसांचा रजेचा अर्ज धाडिला. कारणाच्या रकान्यात "कौटुंबिक मोहीम" ऐसे लिहिले.

आता गनिमाची हकीकत. वाचनालयात खिडकीजवळ एक चौकोनी मेज, सागवानी, वजनदार. खाशांनी एकोणीस वर्षे त्यास सायंकाळी पाचर लावावी, मेज खडकासारखे ठाकावे, आणि दुसरे दिवशी येऊन पाहावे तो पाचर गायब आणि मेज पुन्हा डुगडुगते. त्यातही कपट ऐसे की आज हा पाय अधांतरी, उद्या तो. खाशांचा वहीम त्या मेजावर नित्य बसणाऱ्या शब्दकोडेवाल्या काकांवर होता. याउपर दोघांत एकोणीस वर्षे बोलणे नव्हते, आणि ते वाचनालय असल्याने कोणास कळलेही नाही.

गुरुवारी कूच जाहले. खासे खुर्चीवर बसोन सेनापत्य करू लागले आणि कन्या आयुष्यात प्रथमच मेजाखाली उतरली. तेथे धूळ, कोणाचेसे पेनाचे टोपण, आणि एक निराळीच शांतता होती. खाशांच्या इशाऱ्याप्रमाणे तिने बुचाची चकती सारिली, मेज स्थिरावले, आणि तिच्या तोंडोन नकळत हुंकार निघाला. तो आपलाच, हे उमगताच ती दचकोन उठली आणि डोके मेजास आपटले. ग्रंथपालबाईंनी "शांतता!" ऐसा हुकूम सोडिला.

शुक्रवारी मेज पुन्हा डगडगत होते. खासे हवालदिल जाहले. तेव्हा कन्येने नवी पाचर लावोन मसलत केली की शनिवारी दार उघडताच जाऊन नजरबाजी करावी. त्याप्रमाणे सकाळी ती नियतकालिकांच्या घोडीआड दबा धरोन राहिली. तों झाडणाऱ्या मावशी आल्या, त्यांणी सर्व मेजे भिंतीकडे ओढिली, केर काढिला, फरशी पुसली, आणि मेजे जागेवर आणिली. परंतु कोणते मेज हातभर इकडे पडले की तिकडे, याचा हिशेब राहिला नाही. पाचर सुपडीत होती.

कन्या आडोशातून प्रकट होताच मावशी किंचाळल्या. मग सर्व ऐकोन त्यांणी कपाटामागोन एक मोठा डबा काढिला.

"हे तुमच्या बाबांचं होय? मला वाटायचं कुणीतरी मुद्दाम ठेवतंय. एवढं मन लावून कापलेलं, टाकवेना."

डब्यात एकोणीस वर्षांच्या पाचरी होत्या. खासे मागाहोन काठी टेकीत आले, डबा उघडोन पाहिला आणि एकेक पाचर उचलोन हातावर फिरविली. मग शब्दकोडेवाल्या काकांकडे जाऊन म्हणाले, "माफ करा हं." काका म्हणाले, "कशाबद्दल?" आणि यावरोन कळले की ते वैर एकतर्फीच चालले होते.

परंतु मेज डगडगतच होते. कन्या खाली उतरणार, तों खाशांस वीरश्री चढली. "हे मीच करणार," ऐसे म्हणोन त्यांणी गुडघा वाकविला; गुडघ्याने ऐन रणात दगा दिला; खाशांनी पडता पडता दोन्ही हातांनी मेज कवटाळिले, कन्येने खाशांस कवटाळिले, आणि तिघे मिळोन वीतभर गोल फिरले. ग्रंथपालबाईंनी "शांतता!" फर्माविले. आणि शांतता जाहली, कारण मेज थांबले होते. खाशांनी एक कोपरा दाबिला, दुसरा दाबिला, चारही दाबिले. मेज ढिम्म.

"अगं, पाय सारखेच आहेत! फरशी खचलीये! मी एकोणीस वर्षं बिचाऱ्याच्या पायाला दोष देत बसलो!" ऐसे ओरडोन खासे इतके हसले की डोळ्यांस पाणी आले. ज्या मेजास फक्त थोडे वळावयाचे होते, त्यास उभा जन्म पाचरी! लगोलग काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला मेजावर ठेवोन काकांकडोन जोराने शब्दकोडे लिहविले. थेंब सांडला नाही.

मग मावशींनी तहाचे कलम घातले की, "मला खूण करून द्या, रोज तिथंच ठेवीन." कन्येने पर्समधील लाल नेलपॉलिश काढोन, खाली बसोन, चारही पायांभोवती जमिनीवर चौकोन आखिले. रविवारी सर्वांनी जाऊन खातरजमा केली. मेज खुणेवर होते आणि निश्चल होते. मातोश्रीही आल्या होत्या. त्यांणी मेज हलवोन पाहिले, "बरं आहे" म्हणाल्या, आणि खाशांचे केसांवरील जळमट काढिले.

सोमवारी शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांच्या दालनात संमतीपत्रावर सह्या व्हावयाच्या होत्या. डॉक्टरांनी लेखणी टेकिली आणि मेज डगडगले. खाशांनी सवयीने खुर्चीचे हात धरिले, आणि मग आठवोन सोडिले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले. ते कन्येस पाहवले नाही.

"डॉक्टर, जरा पाय वर घेता?"

डॉक्टरांनी काही न समजोन पाय वर घेतले. कन्या खाली गेली. बटवा घरी राहिला होता, पर्समध्ये कागद एकच होता. खाशांचा चेहरा उजळला आणि त्यांणी पुढे झुकोन सेनापत्य आरंभिले: "मागचा डावा. अगं, माझा डावा!"

येणेंप्रमाणे सोमवारी, सकाळी अकरा वाजता, डॉक्टरांचे मेज सर जाहले आणि त्यांची सही कागदाच्या आत, सरळ उमटली, हे नमूद केले असे. पाचर कन्येने स्वहस्ते केली. त्याकामी जमिनीवर न उतरण्याविषयीचे वाकड्या सहीचे फर्मान खर्ची पडले. घड्या चार हव्या होत्या, तिने पाच घातल्या. खाशांनी वरोन मेज दाबोन पाहिले आणि पाचवी चालवोन घेतली.