बिनपिठाची न्याहारी

सुपडूनाना उकडलेलं अंडं सुरीने कापत नसत. मागावरच्या नायलॉनच्या दोऱ्याचा हातभर तुकडा त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम गुंडाळलेला असे. त्याचं एक टोक दातात धरायचं, दुसरं उजव्या हाताच्या बोटाला वेढायचं, डाव्या हातात अंडं घ्यायचं आणि दोरा असा ओढायचा की दोन्ही अर्ध्यांत बलक सारखा यावा. मग एकेक अर्धं उजेडाकडे धरून बघायचे. सारं आयुष्य कापडातली खोट उजेडावर शोधण्यात गेलेलं, त्यामुळे अंड्यातली खोटही तशीच सापडेल असं त्यांना वाटत असावं. ती सापडली नाही, की बशी माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "खा, गुरुजी."

गुरुजी म्हणजे मी. मी तेव्हा सुरतेत मराठी शाळेवर शिक्षक होतो. बायको परभणीला शिक्षिका, मुलं तिच्याजवळ, आणि मी गोडादऱ्यातल्या एका चाळीत, एका खोलीत. शेजारच्या खोलीत सुपडूनाना. ते पारोळ्याकडचे. सुरतेत पॉवरलूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. तशा एका खात्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो चालता करणारे. कायम रात्रपाळी. खानदेशात ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे नवं मूल सुपात घालतात आणि नाव सुपडू ठेवतात, म्हणजे देवाचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. नाना असे सुपात घालून वाचवलेले होते. माणूस युक्तीने वाचवता येतो यावर त्यांचा भारी विश्वास.

आणि मला वाचवायची वेळ आली होती. नवी चप्पल पायाच्या अंगठ्याला चावली. जखम इवलीशी, पण महिना झाला तरी मिटेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर केवढी निघाली ते सांगताना आवाज खाली आणला. जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल, म्हणाले. मग न्याहारीची यादी झाली. पोहे नाहीत, खमण नाही, लोचो नाही, पोळी नाही, बटाटा नाही. "मग खाऊ काय?" मी विचारलं. "अंडी खा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

आमच्या चाळीचे मालक कांतिकाका. खोली देताना त्यांनी दोनच अटी घातल्या होत्या, नळ उघडा ठेवायचा नाही आणि अंडं उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. पूर्वी ते थोडंफार चालवून घेत. पण प्लेग येऊन गेल्यावर सुरत जी झाडूनपुसून निघाली, तेव्हापासून कांतिकाका रोज सकाळी स्वतः गटार बघायचे. तिथे एक टरफल सापडलं असतं तर माझं बिऱ्हाड बाहेर गेलं असतं.

ही अडचण मी नानांना सांगितली नव्हती. पण संध्याकाळी मी स्वतःशीच कुरकुरत होतो आणि भिंत पातळ होती, तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाळी सुटल्यावर नाना थेट माझ्या दारात. हातात जेवणाचा डबा, डब्यात खात्यातल्या चहाच्या स्टोव्हवर उकडलेली दोन अंडी, वर कडुनिंबाचा पाला. दार लावलं, दोरा काढला, अंडी कापली. टरफलं परत डब्यात, वर पुन्हा पाला. रात्री पाळीवर जाताना ती घेऊन जायचे आणि कुठेतरी टाकायचे. कुठे, ते मी कधी विचारलं नाही.

चाळीत अंडं हा शब्द उच्चारायचा नाही म्हणून नानांनी त्याला बटाटा म्हणायचं ठरवलं. "गुरुजी, बटाटा आनेल शे," असं ते ओट्यावरून मोकळेपणाने सांगत. एके दिवशी कांतिकाकांनी ते ऐकलं. त्यांना स्वतःला दहा वर्षांपासून साखर होती. ते माझ्या दारात आले आणि कळवळून म्हणाले, "मास्तर, डायबिटीसमां बटाका न खवाय." मी मान खाली घातली. नाना म्हणाले, "हाव काका, मी बी त्यासले हाईच सांगस."

दोन महिने अंडी खाल्ली. उकडलेली, मीठ लावून, मिरी लावून, तिखट लावून. तिसऱ्या महिन्यात डब्याचं झाकण उघडलं, की त्या वासाने माझ्या तोंडाला कोरड पडू लागली. एकदा अर्धं अंडं तसंच बशीत ठेवलं. नानांनी बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं नेहमीचं वाक्य बोलले, "पोट मानस, मन मानत नही." हे वाक्य ते सगळ्यालाच लावत. खात्यातल्या नव्या मालकाला, बसच्या नव्या रस्त्याला, खोलीच्या नव्या रंगाला. पण त्या दिवशी त्यांनी बशी उचलली आणि म्हणाले, "आते दुसरं काही तरी करनं पडी."

तिथून त्यांची शोधमोहीम सुरू झाली. रात्रभर मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला हा साठीचा माणूस सकाळी झोपायचं सोडून स्टोव्ह पेटवायचा. पिठाशी त्यांचं उभं वैर. "पीठ दिसत नही, पन ऱ्हास," असं म्हणत ते प्रत्येक पदार्थाकडे संशयाने बघत. हिंगात कणीक मिसळतात असं त्यांना किराणा दुकानदाराने सांगितलं, त्या दिवशी हिंगाची डबी त्यांच्या खोलीतून गेली. भिजवलेले मूग वाटले तर त्याचं पीठ होतं का, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. मग निकाल दिला की चक्कीवर गेलं ते पीठ, पाट्यावर वाटलं ते पीठ नव्हे. डॉक्टरांना मी हा निकाल सांगितला, तर ते हसले आणि म्हणाले, "मूग थोडे चालतील. त्यांना म्हणावं, बरोबर आहे."

मग पाट्यावर वाटलेल्या मुगाचे मेथी घातलेले पातळ पुडले, म्हणजे आपली धिरडी, झाले. हिरव्या वांग्याचं भरीत झालं, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून. सकाळी साडेसातला भाकरीशिवाय नुसतं भरीत चमच्याने खाणारा मी गोडादऱ्यातला एकटाच असेन. थंडीत सुरती पापडीच्या शेंगा आणि हिरवा लसूण यायचा, ते नुसतं तेलावर परतून. कधी पाण्यात तरंगणारं मऊ सुरती पनीर, वर खानदेशी ठेचा. ते पनीरही दोऱ्याने कापायचे आणि उजेडाला धरायचे. कधी घट्ट दह्यात जवसाची आणि तिळाची चटणी. एकदा जवसाची भाकरी करायला गेले. ती तव्याला अशी चिकटली, की नाना तवाच घेऊन खात्यात गेले आणि मागाच्या हत्यारांनी खरवडून आणला.

त्यांचा अभिमान म्हणजे कोबीचे पोहे. कोबी इतका बारीक चिरायचा की पोह्याएवढा दिसावा. मग फोडणी, शेंगदाणे, कढीपत्ता, लिंबू, कोथिंबीर. दिसायला हुबेहूब. पहिल्या दिवशी मी खूप वाखाणले आणि तीच माझी चूक झाली. सलग तेरा दिवस कोबीचे पोहेच आले.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण मी तिचा विचार केला नव्हता. नाना स्वतः सकाळी काहीच खात नसत. समोर बसायचे, काळा बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत उठायचे नाहीत. खायला सांगितलं तर म्हणायचे, "माले सकायमां चालत नही." रात्रपाळीच्या माणसाचं असेल असं काही, असं मी धरून चाललो.

चौदाव्या दिवशी मी घसरलो. नाना यायच्या आधीच घराबाहेर पडलो. नाक्यावर खमणची लारी, म्हणजे हातगाडी, लागते, तिथे गेलो. गरम खमण, वर शेव, कच्च्या पपईचा संभारा, तळलेली मिरची. पहिली बशी संपवली, दुसरी घेतली. इतक्या दिवसांनी तोंडाला चव आली आणि अंगठा पूर्ण विसरलो. मान वर केली तर समोर सुपडूनाना उभे. हातात डबा. पाळी सुटून त्याच रस्त्याने ते घरी यायचे, हे मला शाळेतल्या धड्यासारखं पाठ होतं.

मला वाटलं, आता चार लोकांत बोलतील. ते म्हणाले, "खा, गुरुजी. गरम शे." एवढंच. आणि रोजच्यासारखे मी शेवटचा घास खाईपर्यंत तिथे उभे राहिले. तो घास गिळताना मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही. मग ते डबा घेऊन चाळीकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी नाना आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. भिंतीपलीकडे स्टोव्हचा आवाज नव्हता. मी पाव आणला आणि खाल्ला नाही. चौथ्या दिवशी सकाळी डेअरीतून सुरती पनीर घेतलं आणि त्यांचं दार वाजवलं.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या खोलीत बसलो नव्हतो. नेहमी तेच माझ्याकडे यायचे. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, पाटा-वरवंटा, कोबीचा एक गड्डा. भिंतीवर बायकोचा फोटो, सोजाबाईंचा. त्या मी सुरतेत यायच्या वर्षभर आधी गेल्या, एवढंच मला ठाऊक होतं. फोटोखालच्या फळीवर एक स्टीलचा डबा, तो पाणी भरलेल्या ताटलीत ठेवलेला. मुंग्या लागू नयेत म्हणून गुळाचा डबा असा ठेवतात. ज्या माणसाने हिंग घराबाहेर काढला त्याच्या खोलीत गूळ कशाला, हे मी न विचारता नुसतं त्या डब्याकडे बघत राहिलो.

नानांनीच सुरुवात केली. "सोजा साड्यासले टिकल्या लावाना काम करे. घरमाच. मंग तिले थकवा येवाले लागना. डोयासमोर अंधारी ये. मी म्हनं, अशक्तपना शे. आमनाकडे अशक्त मानूसले गूळना शिरा देतस. मंग पाळीवरथून उनू का मी शिरा करू. रोज सकाये. भरपूर तूप, भरपूर गूळ."

ताटलीतलं पाणी कमी झालं होतं. त्यांनी उठून त्यात तांब्यातलं पाणी ओतलं आणि पुन्हा बसले.

"तिले गोड आवडतच नव्हतं, गुरुजी. पन मी पाळी करीसन येस, मंग करस, म्हनीसन ती खाये. सगळा खाये. मी समोर बशीसन खावाडू. वरीसभर. पाय काया पडना तव्हय दवाखानामां नेलं. डाक्टरनी इचारं, सकायमां काय खास ही बाई?"

ते फोटोकडे बघत नव्हते, गुळाच्या डब्याकडेही नाही. खिशातला दोरा काढून बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

"माले कोनी सांगं नही. आन् मी बी कोनले इचारं नही," नाना म्हणाले. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तिले ठाऊक नव्हतं, गुरुजी. तुमले तं ठाऊक शे."

यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी सुपात घातलेल्या मुलाचा विचार करत होतो. त्याला युक्तीने वाचवलं होतं, आणि त्याने आपल्या बायकोला वाचवायला जी युक्ती केली तिनेच ती गेली. मग त्याच्या शेजारी एक आळशी मास्तर राहायला आला, आणि तोही सकाळी काहीतरी खाऊनच मरायला निघाला होता. तेरा दिवस कोबी चिरणं कशासाठी होतं हे मला त्या खाटेवर बसल्यावर कळलं, आणि माझी मलाच चीड आली.

मी पनीर ताटलीत काढलं. त्यांच्या हातातला दोरा मागून घेतला. एक टोक दातात धरलं, दुसरं बोटाला वेढलं आणि ओढला. नानांना ते किती सोपं जायचं. माझे दोन तुकडे सारखे झालेच नाहीत, एक चांगलाच मोठा आला. ठेच्याची बाटली फळीवर होती, तो दोन्हींवर घातला. लहान तुकडा मी घेतला आणि मोठा त्यांच्यापुढे ठेवला.

"माले सकायमां..." ते म्हणाले.

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "पण आजपासून तुम्ही खाल्लं तरच मी खाईन."

बाहेर कांतिकाका गटार तपासत कुणालातरी नळावरून बोलत होते. मग नानांनी तो वेडावाकडा तुकडा उचलला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि सगळ्या बाजूंनी पाहिला.

"ह्यामां पीठ?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही."

त्यांनी एक घास खाल्ला, सावकाश, आणि मीही खाल्ला. त्यानंतर फाल्गुनात माझी जखम मिटली. अंगठा राहिला, नख मात्र वाकडं आलं. पण ते नंतरचं. त्या सकाळी नानांनी सगळा तुकडा संपवला, बोटांना लागलेला ठेचा पुसला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोट मानस." मी पुढच्या शब्दांची वाट पाहिली. ते आलेच नाहीत. नानांनी दोरा माझ्या हातातून घेतला, नीट गुंडाळला आणि खिशात ठेवून दिला.