पिकअपच्या बरोबर मध्यभागी

सामान भरणं हा अकलेचा प्रश्न आहे, ताकदीचा नाही, असं माझं मत होतं. 'होतं' म्हणतोय, कारण हल्ली मी ते घरात मोठ्याने बोलत नाही.

मी खामगावात ज्युनिअर कॉलेजला कॉम्प्युटर शिकवतो. आमची सुचिता नर्स झाली, डोणगावला लागली. तिचा सगळा संसार एका पिकअपमधून न्यायचा होता. आपल्याकडे गाडी कशी भरतात, तुम्हाला ठाऊकच आहे. एक जण वर चढतो, चौघे खालून "तसं नाही, आडवं घे" म्हणतात आणि उरलेली बादली शेवटी कुणाच्या तरी मांडीवर येते. हे मला मान्य नव्हतं. जहाजावरचे कंटेनर ज्या गणिताने भरतात, त्या गणिताचा प्रोग्राम मी स्वतः लिहिला! प्रत्येक वस्तूचं माप आणि वजन द्यायचं. जड खाली, हलकं वर, नाजूक मध्यभागी, आणि हवेला शक्यतो प्रवेश नाही.

टेप घेऊन मी घरभर फिरत होतो. झुंबरआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, खाटेवरून बघत होती.

"काऊन बे देवा, पोरीचं सामान मोजून राह्यला का पेटीले कपडे शिवून राह्यला?"

प्रोग्रामने मला एकच शहाणा प्रश्न विचारला होता: कोणती वस्तू आधी उतरवायची? सगळं एकाच दारात उतरणार, म्हणून ती जागा मी कोरी सोडली.

आता आमच्याकडची रीत अशी, की नव्या घरात आधी बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो जातो. वंदना झाल्याशिवाय आत चमचासुद्धा जात नाही. चहा तर लांबच राहिला. आत्याने हे मला पुन्हा पुन्हा बजावलं. मी म्हटलं, काळजी नको, दोन्हींची पेटी गाडीच्या बरोबर मध्यभागी आहे, चहूबाजूंनी गाद्या आहेत, मध्यम मार्गच समज. आत्या काहीच बोलली नाही. आत्या काहीच बोलत नाही तेव्हा माणसाने सावध व्हावं, हे मला पन्नाशीतही सुचलं नाही.

गाडी भरली. ड्रायव्हर प्रेम म्हणाला, "सर, काडीपेटी घालाले जागा नाही राह्यली." मी ते प्रशस्तिपत्र म्हणून स्वीकारलं. आत्याला त्याच्या शेजारी बसवलं आणि तिच्या गुडघ्यांच्या काळजीपोटी ठणकावलं, की डोणगावात मी सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही. मी, बायको धम्मशीला आणि सुचिता एसटीने पुढे गेलो.

घरमालक भगवंतराव माणूस सज्जन, पण पोळलेला. आधीचा भाडेकरू 'अगदी घरगुती' म्हणून आला आणि खोलीत पिठाची गिरणी बसवून मोकळा झाला. तेव्हापासून त्यांची अट एकच: घरात धंदा दिसला, की खोली खाली. डोणगावात दुसरी खोली आम्हाला मिळाली नव्हती आणि सुचिताला दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर व्हायचं होतं.

पिकअप आली. धम्मशीला म्हणाली, "आधी मूर्ती काढा."

मूर्ती मध्यभागी. तिच्यापुढे कपाट, खाट, कूलर, आणि सगळं एकमेकांत असं घट्ट बसलेलं, जसं लग्नाच्या पंगतीत पहिल्या बैठकीला बसलेले पाहुणे. एकही जण उठायला तयार नाही! मूर्तीआधी आत काही न्यायचं नव्हतं, म्हणून जे निघेल ते गल्लीत मांडत गेलो. त्यात तो बाजाराचा दिवस.

प्रथम एक बाई थांबली. तिने पातेलं उलटं करून वाजवून बघितलं. मग दोघे जण खाटेवर बसून तिची मजबुती तपासू लागले. एका फेटेवाल्याने कूलरचा भाव विचारला. विकायचा नाही म्हटलं, तर त्याला वाटलं मी भाव चढवतोय. "बरं, मोटरसगट सांगा," तो म्हणाला. गर्दी बघून कुल्फीची गाडीही येऊन उभी राहिली. आता आमच्यात आणि बाजारात काहीच फरक उरला नव्हता.

तेवढ्यात भगवंतराव आले.

"मास्तर, पोरगी नर्स हाय म्हणे तुमची."

"हाय ना."

"मंग हे दुकान कोनाचं?"

मी तोंड उघडणार, तोच फेटेवाला त्यांना म्हणाला, "भगवंतराव, लाइनीत या. कूलर मी आंधी पाह्यला."

भगवंतराव खोलीला पुन्हा कुलूप घालायला निघाले. सुचिताचे डोळे भरले. मी गाद्या बाजूला फेकून पेटी बाहेर ओढली, ही आत गेली की सगळं आवरतो म्हणत सर्वांसमोर झाकण उघडलं.

आत कुरडया होत्या.

पातेलंवाल्या बाईने कुरडयांचा भाव विचारला.

सुचिता धावत केबिनकडे गेली. आत्या आत शांत बसलेली. मांडीवर पांढऱ्या कापडात मूर्ती, तिला टेकून फोटो.

"बोलली काऊन नाही?" मी विचारलं.

"तूच म्हणे, मी सांगतो तवरोक उतरू नको. मले वाटलं तुया कंप्युटरची रीत असन, आंधी सारं रस्त्यावर मांडाची." मग तिने मूर्तीवरचं कापड नीट केलं. "आन बुद्ध काय सामान हाय का बे, गाडीत भराले?"

नातीच्या हाताला धरून ती उतरली. गर्दी आपोआप दुभंगली. फेटेवाल्याने चपला काढल्या. रिकाम्या खोलीत मूर्ती आणि फोटो मांडला, मेणबत्त्या लागल्या, आत्याने कापऱ्या आवाजात वंदना सुरू केली आणि दारात भगवंतराव हात जोडून उभे राहिले.

नंतर ते आत्याला म्हणाले, "मावशी, खोली तुमच्या नातीचीच. पन आत मावन तेवढंच ठेवा. बाहेर भांडं दिसलं, का लोक भाव इचारतीन."

पिकअपचं माप मी सुतासुतात घेतलं होतं. खोलीचं माप घ्यायचं राहिलं होतं. कपाट, खाट आणि कूलर परत निघाले. कुरडई मात्र एकही तुटली नव्हती, हे मुद्दाम नमूद करतो.

या गडबडीत एसटी चुकली. केबिनमध्ये आत्या आणि धम्मशीला बसल्या. मी कुठे बसू, असं विचारलं.

"मांगं, सामानाच्या मधात बस," आत्या म्हणाली. "तुयाच हिशेबानं तेथं काही तुटत नाही."

सुचिताने एक जुनी गादी माझ्याभोवती नीट खोचली आणि पहिल्यांदाच हसली.

खामगावला मी अखंड पोचलो. फक्त कपाट, खाट आणि कूलर उतरवल्याशिवाय मला काढता येत नव्हतं, आणि मंडळी आधी चहाला आत गेली होती.