न वाचलेल्या ग्रंथाचे भाष्यकार

"पुस्तक वाचून त्यावर कुणीही लिहील. न वाचता लिहायला डोकं लागतं!" असं प्राध्यापकांनी बायकोला ऐकवलं होतं. आणि खोटं कशाला बोला, डोकं चाललंही! एका नामवंत लेखकाच्या सातशे पानी ग्रंथाची नुसती प्रस्तावना वाचून त्यांनी असा काही निबंध ठोकला, की विद्यापीठाने त्यांना थेट परदेशातल्या आपल्या केंद्रात वर्षभरासाठी अदलाबदलीवर धाडलं. बायकोने ही बातमी माहेरी फोन करकरून कळवली.

केंद्रात पोचले त्याच सकाळी परिषद. पहिलं व्याख्यान यांचंच. विषय, त्याच ग्रंथाचं शेवटचं प्रकरण! त्यात भर म्हणजे सभागृहाच्या दारात केंद्राच्या संचालिकाबाई म्हणाल्या, "ते लेखक सर आमच्याच केंद्रातले, माहीत आहे ना?"

प्राध्यापकांच्या पायाखालची जमीनच सरकली. बिंग फुटलं तर आठवड्याच्या आत परत पाठवणार! मग सासुरवाडीला कुठल्या तोंडाने जायचं?

आत पहिल्या रांगेत पिकल्या मिशांचे एक गृहस्थ कपाळाला आठ्या घालून छताकडे बघत होते. हेच ते! प्राध्यापकांनी धावत जाऊन त्यांना चहा आणून दिला.

"सर, काय तुमचा ग्रंथ! मी तर चार वेळा वाचला!"

"कसला ग्रंथ? मी तो वरचा दिवा बघायला आलोय. जरा शिडी धरता का?"

प्राध्यापक शिडी धरून उभे राहिले, तोच बाई धावत आल्या. "अहो सर, हे काय!"

"लेखक सर कुठे बसलेत?" प्राध्यापकांनी दबक्या आवाजात विचारलं.

"ते इथे कसे असतील? अदलाबदल आहे ना! तुम्ही त्यांच्या जागी इकडे, ते तुमच्या जागी तिकडे. परवाच गेले."

हुश्श! प्राध्यापकांनी शिडीलाच मिठी मारली.

"हलवू नका हो!" वरून दिवेवाला ओरडला.

तेवढ्यात फोनवर मेसेज आला. खुद्द लेखक महाशयांचा!

"सर, तुमची गाठ पडणार नाही म्हणून सुटलो असं वाटलं होतं. पण तुमच्या विभागाने माझं भाषण ठेवलंय, तुमच्याच निबंधावर. तो मी वाचलेला नाही. दहा मिनिटांत उभं राहायचंय. दोन ओळींत सांगता का, काय लिहिलंय? कुणाला बोलू नका, प्लीज!"

प्राध्यापकांचा जीव भांड्यात पडला. एवढा मोठा माणूस, आणि हाही आपल्यातलाच! आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखाद्या विद्वानाबद्दल मनापासून आदर वाटला. एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने त्यांनी उत्तर लिहिलं,

"सांगतो की सर! पण आधी तुमचं शेवटचं प्रकरण दोन ओळींत सांगा. माझं व्याख्यान पाच मिनिटांवर आलंय!"