समान वारा ठराव

हरिनाम ध्वनिसंग्रह समितीचा संगणक तापून बंद पडतो, ही बाब समितीच्या सभेत अधिकृतपणे मान्य करण्यात आली. त्याआधीही तो तापतच होता. पण ठराव नसल्यामुळे त्याचं तापणं खासगी स्वरूपाचं होतं.

समितीचं कार्य थोर होतं. गावच्या देवळात जुन्या काळी झालेल्या कीर्तनांच्या कॅसेटी घरोघरी ट्रंकेत, माळ्यावर, गोधड्यांच्या घडीत पडून होत्या. त्या गोळा करायच्या, एकदा वाजवायच्या आणि देवळाच्या सभामंडपातल्या संगणकात कायमच्या भरून ठेवायच्या. हे काम अंगदराव करीत. कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस उभा जन्म टाळकरी. कीर्तनाला उभा राहिला की त्याला तहान लागत नसे, पाय दुखत नसत आणि घरचं कुणी आठवत नसे. समितीनं त्यांना सचिव केलं, कारण सचिवाला सही करावी लागते आणि अंगदरावांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

आता एकच कॅसेट उरली होती, आणि तीच खरी. ती भीमाबाईंची. बाईमाणसानं नारदाच्या गादीवर उभं राहायचं म्हटलं की लोक भुवया चढवायचे, त्या दिवसांत भीमाबाई उभ्या राहिल्या आणि पहिल्या चरणालाच मांडव गप्प झाला. अंगदराव त्यांच्यामागे टाळ धरून उभे असायचे. पुढं भीमाबाईंच्या, म्हणजे सगळ्यांच्या माईंच्या, घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. आता त्या कुजबुजत बोलत, समोरच्याला कान जवळ न्यावा लागे. त्यांच्या कीर्तनाची ही एवढी एकच कॅसेट जगात होती, आणि तिची फीत कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. एकदा वाजेल, दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही.

"अंगदा," माई त्यांच्या कानाशी म्हणाल्या होत्या, "मी गाताना मला कधी ऐकूच आलं न्हाई रं. गानाऱ्याला कुठं ऐकू येतं? एकदा मला ऐकव. मंग माझं काई मागनं न्हाई."

अंगदरावांनी शब्द दिला. पण कॅसेट निम्म्यात आली आणि संगणक बंद पडला तर? म्हणून आधी संगणक थंड करणं आलं.

घोडेगावच्या रस्त्याला आराधना नावाच्या मुलीचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिचे वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे, त्यामुळे जुन्या आवाजांची तिला कदर होती. शिवाय तिचं दुकान चालू राहणं तिला आवडत होतं. तिनं संगणकाचा डबा उघडला. आत एकुलता एक पंखा होता, तोही धुळीनं गळ्यापर्यंत भरलेला. तिनं सांगितलं की पुढून दोन पंखे गार हवा आत ओढणारे बसवा आणि मागून एक गरम हवा बाहेर टाकणारा बसवा, विषय संपला.

विषय तिथूनच सुरू झाला. समितीच्या खात्यात पंख्यांपुरती रक्कम होती. पण गावात दाते हयात असताना देवाच्या कामाला खात्यातून खर्च करणं म्हणजे दात्यांचा अपमान. देवळातला बाक, पाण्याची टाकी, पायरी, चपला ठेवायचं कपाट, यांतलं काहीही नावाशिवाय आत आलेलं नव्हतं. तेव्हा कर्ण्यावरून पुकारा झाला आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही पंख्यांना दाते मिळाले. एक अध्यक्ष काशिनाथरावांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ दिला. दुसरा कांद्याचे व्यापारी रमणशेठ यांनी आईच्या स्मरणार्थ. तिसरा माजी सरपंच बबनरावांनी स्वतःच्याच स्मरणार्थ दिला. मुलांवर त्यांचा भरवसा नव्हता. तळहाताएवढे ते पंखे, त्यांच्या मधोमध चमकत्या अक्षरांत नावं चिकटवण्यात आली.

आराधना बसवायला लागली तेव्हा रमणशेठनी विचारलं, की आमचा कुठं.

"मागं," ती म्हणाली. "आतली गरम हवा तो बाहेर टाकणार."

"म्हंजे ह्यांचा बाप आन् हे बबनराव म्होरं बसून गार हवा घेणार, आन् माझ्या आईनं मागून सगळ्यांची घाण काढायची?"

लगेच सभा भरली. मुद्दा बिनतोड होता. बबनराव म्हणाले की माझा मागं बसवा असं मी म्हणालो असतो, पण जिवंत माणसाला ते बरं दिसत नाही. अध्यक्ष म्हणाले की माझे वडील अध्यक्षाचे वडील आहेत. अखेर सर्वानुमते असं ठरलं, की पंखा मागच्या बाजूलाच बसावा, परंतु त्याचं तोंड सन्मानपूर्वक बाहेर असावं, जेणेकरून मागून येणाऱ्या भाविकालाही नाव वाचता येईल. तोंड बाहेर करून बसवलेला पंखा हवा आत ओढतो, हे आराधनानं सांगून पाहिलं.

"सगळे आतच ओढायला लागले तर गरम हवा जाईल कुठून?"

"आजवर जिथून जात होती तिथून," अध्यक्ष म्हणाले, आणि हा खुलासा इतिवृत्तात नोंदवला गेला.

अंगदरावांना वाटलं, आपण बोलावं. पण बोलण्यानं देवाचं काम अडतं, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी सही केली.

लोकार्पण थाटात झालं. डब्याला हार घातला, कुंकू लावलं आणि वर भरजरी शाल पांघरली. शालीखाली तिन्ही पंखे एकमेकांच्या अंगावर हवा मारू लागले. हाराच्या पाकळ्या एकेक करून आत गेल्या. अध्यक्षांचं प्रास्ताविक संपायच्या आत संगणक बंद पडला.

चौकशीअंती निष्कर्ष निघाला, की पंखे कमी पडतात. पुन्हा पुकारा झाला. या वेळी गर्दी झाली, कारण ज्यांच्या आईवडिलांना पहिल्या तिघांत जागा मिळाली नाही त्यांच्या घरी जेवणं गोड लागत नव्हती. वरच्या झाकणात पंखे बसले, खाली बसले, उजव्या पत्र्याला भोकं पाडून बसले, मग डाव्यालाही. सगळ्यांची तोंडं बाहेर. आराधनानं आता हवेविषयी बोलणं सोडून दिलं होतं. प्रत्येक पंखा तिच्याच दुकानातून येत होता. मात्र बिचारीनं जाताना एक चांगलं काम केलं. शाल काढायला लावली आणि पंख्यांचं नियंत्रण आपोआप चालेल असं करून दिलं. आत जेवढी उष्णता तेवढा वेग. गार असेल तर काही पंखे थांबतील, तापलं की पुन्हा फिरतील. यंत्र शांत झालं. अंगदरावांनी कान लावून पाहिलं; नुसती झुळूक. त्यांनी मनोमन तिला आशीर्वाद दिला आणि उद्या सकाळी भीमाबाईंची कॅसेट लावायची असं ठरवलं.

सकाळी कॅसेटीच्या आधी बबनराव आले. काकडआरती झाली की आपल्या पंख्याचं दर्शन घेऊन मग घरी जायचं, असा त्यांचा नवा नेम होता. त्यांचा पंखा थांबलेला होता.

"माझा बंद का?"

"गार हाय म्हणून थांबलाय, आण्णा. तापलं की फिरंल."

"काशिनाथच्या बापाचा तर फिरतोय."

अंगदरावांनी समजावलं की हे यंत्राचं यंत्रच ठरवतं. बबनरावांनी राजकारणात केस पांढरे केले होते. आपोआप काही होतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. यंत्राला कुणीतरी सांगितलंच असणार, म्हणाले. दुपारपर्यंत गावात दोन तट पडले: ज्यांचे पंखे फिरत होते ते, आणि ज्यांचे थांबले होते ते. पहिल्या तटाचं म्हणणं होतं की यंत्र निःपक्षपाती आहे. तासाभरानं आतली उष्णता दुसरीकडं सरकली, थांबलेले पंखे फिरू लागले, फिरणारे थांबले, आणि दोन्ही तटांनी आपापली मतं अदलाबदल केली.

तातडीची सभा भरली. आराधनाला बोलावून खुलासा मागण्यात आला. तिनं पडद्यावर उष्णता आणि वेग यांची चढती रेघ दाखवली. रमणशेठनी ती रेघ जवळून पाहिली आणि विचारलं, की आमच्या आईची रेघ एवढ्या खालून का सुरू होते. ती सगळ्यांचीच खालून सुरू होते, असं आराधना म्हणाली. तेव्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं.

त्या सभेत जो मंजूर झाला तो समान वारा ठराव. त्यात म्हटलं होतं: सर्व दात्यांचे पंखे समान असून ते सदैव, अखंड व पूर्ण वेगानं फिरतील. तापमान हा निकष भेदभाव करणारा आढळल्यानं तो रद्द करण्यात येत आहे. यापुढं कोणताही पंखा गरजेनुसार फिरणार नाही. खाली अध्यक्षांची सही आणि सचिव अंगदरावांची.

ठराव अमलात आला आणि डबा मळणी यंत्रासारखा गर्जू लागला. पारव्यांनी सभामंडप सोडला. पुजारी घंटा वाजवून झाली की बोट लावून खात्री करून घेई, हलतेय का ते. संगणक मात्र बंद पडेना. एवढ्या वाऱ्यात कुठून तरी फटीतून गरम हवा बाहेर पडत असावी. समितीनं स्वतःचं अभिनंदन केलं.

पंचाईत एवढीच होती, की जुन्या टेपला संगणकाची वायर जोडायची सोय नव्हती. टेप वाजवायचा, समोर माईक धरायचा, अशी कामाची रीत. माईकची वायर आखूड, टेप डब्याच्या शेजारी. अंगदरावांनी हात जोडून समितीपुढं विनंती केली: फक्त भीमाबाईंच्या कॅसेटीपुरते पंखे थांबवा, माईंचा आवाज तेवढा स्वच्छ येऊ द्या.

कुणीच नाही म्हटलं नाही. माईंविषयी प्रत्येकाच्या मनात आदर होता. रमणशेठनी फक्त एवढंच विचारलं, की आधी कुणाचा बंद करायचा. अध्यक्ष म्हणाले, माझा जरूर करा, बाकीच्यांचे झाले की. बबनराव म्हणाले, माझाही, शेवटून पहिला. मग चहा आला आणि सभा संपली.

आराधना अंगदरावांच्या मागोमाग बाहेर आली. हळूच म्हणाली, "काका, मंदिरात कुणी नसताना मी वेग कमी करून देते. कॅसेट भरून घ्या, परत वाढवू. कुणाला कळायचं न्हाई."

अंगदराव उभे राहिले. देवळाच्या भिंतीला पाठ टेकून माई उन्हात बसलेल्या त्यांना दिसत होत्या. एक बटण दाबायचं होतं. फार तर बबनरावांनी चार दिवस तोंड फिरवलं असतं.

"ठरावावर माझी सही हाय, बाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅसेट लावली. पंखे गरजत होते. त्या गर्जनेच्या खाली, विहिरीच्या तळातून यावा तसा, एक सूर येत होता. अंगदरावांना तो ऐकू आला, कारण तो त्यांना पाठ होता. ते डोळे मिटून हातानं ताल धरत राहिले. दुसरी बाजू संपायला आली तशी फीत गुंडाळली गेली, ताणली आणि तुटली. संगणकानं मात्र सगळं नीट भरून घेतलं होतं.

प्रकाशन सोहळ्याला मंडप भरला. दात्यांना खुर्च्या, माईंना पहिल्या रांगेत सतरंजीवर मान. अंगदरावांनी बटण दाबलं आणि मोठ्या स्पीकरांतून घोंऽऽ असा अखंड आवाज सुरू झाला. घोंऽऽ, आणि फक्त घोंऽऽ.

लोकांनी आधी एकमेकांकडं पाहिलं. शेजारचा डोळे मिटून बसलेला पाहून ज्यानं त्यानं डोळे मिटले. ऐकू येत नाही म्हणायचं, तर भक्ती कमी पडते असा अर्थ निघाला असता. कुणीतरी "वा" म्हणालं. रमणशेठचे डोळे भरून आले; गर्जनेत आईचा पंखा त्यांनी अचूक ओळखला होता. अध्यक्षांना वडील ऐकू आले. मागं कुणी टाळ्यांचा ठेका धरला, मृदंग्यानं नुसत्या घोंघाटाला साथ सुरू केली, आणि बघता बघता सगळा मंडप डोलू लागला. तरणी पोरं म्हणाली, असा आवाज आता होणे नाही.

माई कान पुढं करून ऐकत होत्या. बराच वेळ ऐकलं. मग त्यांनी अंगदरावांचं धोतर ओढलं.

"अंगदा, ह्यात मी कुठं हाय?"

ती कुजबूज. पण नेमकी कुणाला तरी ऐकू गेली. मागच्या रांगेतून "शूऽऽ" आलं. एक बाई म्हणाल्या की कीर्तनात बोलणारी ही म्हातारी कोण. खुर्च्यांवरून दाते वळून पाहू लागले. अंगदराव लगबगीनं वाकले, त्यांनी माईंचा हात आपल्या हातात घेतला आणि प्रेमानं, अगदी प्रेमानं म्हणाले,

"माई, गप बसा जरा. भीमाबाईंचं कीर्तन चाललंय."

माईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग पदर सावरला, हात जोडले आणि इतरांसारखे डोळे मिटले.

हे ध्वनिमुद्रण समितीच्या कार्यालयात सर्वांसाठी खुलं आहे. जिल्ह्याबाहेरूनही माणसं येतात, ऐकतात आणि गहिवरून जातात. मला काही ऐकू आलं नाही, असं आजवर एकानंही म्हटलेलं नाही. तुम्हीही अवश्य या. आणि तुम्हाला वाटत असेल की तुम्ही उभं राहून तसं म्हणाल, तर म्हणा. मात्र त्याआधी एकदा शेजारी कोण बसलंय ते पाहाल, आणि डोळे मिटाल.