दाऊदभाईंचा किल्ला

कतारमधल्या रास लफानच्या साइटवरून दोह्याला परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सगळे माना टाकून झोपतात. दाऊदभाई मात्र जागे असतात आणि शेजारच्याला इंग्लंडमधला एक किल्ला समजावून सांगत असतात. गेली चार वर्षं तो शेजारचा मी आहे.

दाऊदभाई रत्नागिरीकडचे, आमच्याकडे स्कॅफोल्डिंगचे फोरमन. दोह्यातल्या अल दुहैल वस्तीतल्या एका गोऱ्या कुटुंबाने देश सोडताना सामान फुकट वाटलं, तेव्हा लोकांनी मिक्सर, इस्त्री उचलली. ह्यांनी त्या किल्ल्याचं जाडजूड पुस्तक आणलं. स्वतः इंग्लंड पाहिलेलं नाही. तिथला विमानतळही नाही.

“शिंदे, पहिला लाकडी होता, मातीच्या उंचवट्यावर. जळला. मग दगडी बुरूज. भिंत किती जाड?”

“बारा फूट,” मी डोळे मिटूनच म्हणतो.

“पंधरा! लक्ष नाही तुझं.”

चढणाऱ्या शत्रूची तलवार भिंतीला अडावी म्हणून जिना उजवीकडे वळवलाय, हे मला पाठ आहे. लग्नाची तारीख नाही. पुढे कुणा वंशजाने बाण मारायच्या फटी मोडून मोठ्या खिडक्या केल्या, त्याचा दाऊदभाईंना अजून राग आहे. “बायकोला उजेड पाहिजे म्हणून! भिंत खलास!” मग लगेच मवाळ होतात. “पण घर सोडलं नाही हां. आठशे वर्षं एकच खानदान, एकाच छपराखाली.”

गेल्या महिन्यात साइटवर नवा इंग्रज इन्स्पेक्टर आला. त्या किल्ल्याच्याच भागातला निघाला. दाऊदभाईंनी हेल्मेट काढून किल्ल्याची खुशाली विचारली. तो हसला. म्हणाला, विकला की! छप्पर गळत होतं, मुलं परदेशी गेली. आता हॉटेल आहे.

परतताना दाऊदभाई गप्प. पहिल्यांदाच मला झोपायची मुभा होती, आणि झोप येईना.

“हॉटेल तर हॉटेल, दाऊदभाई. किल्ला उभा आहे ना?”

“किल्ल्याचं नाही रे. त्याला विचारलं, शेवटी राहत कोण होतं? म्हणाला, म्हातारी. एवढ्या खोल्या, आणि एकटी.”

रत्नागिरीचं त्यांचं घर मला फोटोतून ठाऊक होतं. दर सुट्टीत एक खोली वाढवलेली. भाऊ कुवेतला, बायको मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात. घरात आता फक्त अम्मा.

त्यांनी फोन लावला. “अम्मा, जेवलीस? ...नाय, काय नाय. सहज.”

मग अल मन्सूराचा आमचा थांबा येईपर्यंत तिकडून म्हातारी बोलत होती, आणि दाऊदभाई नुसते ऐकत होते.