मंजुळाला आलेलं स्थळ

सलग तीन हजार एकशे बारा दिवस एकदाही बंद न पडल्यामुळे आमच्या सर्व्हरला कुरुंदवाडहून स्थळ आलं. तीन हजार दिवस भरल्याशिवाय वधूवर सूचक मंडळ सर्व्हरची नोंदणी करत नाही, त्यामुळे आम्हालाही थांबावं लागलं होतं.

सर्व्हरचं नाव मंजुळा. जयसिंगपुरात आमच्या जिन्याखाली, चपलांच्या कपाटाशेजारी ती असते. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले त्याच महिन्यात भंगारवाल्याकडून तिचा डबा आणला. मेमरी एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतली, पंखा ह्यांच्या भाच्याच्या जुन्या मशीनमधला. वीज गेली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालेल अशी सोय केली आणि वर लिनक्स चढवलं, कारण ते उघडून आत काय चाललंय ते बघता येतं. झाकलेल्या वस्तूवर माझा नोकरीतही विश्वास नव्हता.

गच्चीवरची टाकी भरली की मंजुळा मोटार बंद करते. गल्लीतल्या वाचनालयाची यादी सांभाळते. भजनी मंडळाचं सगळं रेकॉर्डिंग तिच्याकडे आहे, बेसूर गुरुवारांसकट. साडेआठ वर्षांत तिने एकदाही हूं की चूं केलं नाही. मी आयुष्यात स्वेटर विणले, लोणची घातली, एक मुलगा वाढवला, पण छाती फुगवून सांगावं असं विचाराल तर मी आधी मंजुळाचं नाव घेईन. मुलाला हे माहीत आहे.

तिचं लग्न करायचं कारण साधं होतं. एकटं मशीन म्हणजे आज आहे, उद्या नाही. तिची डिस्क आता वयाला आली होती. जोडीदार असला की एकमेकांचं सगळं एकमेकांकडे राहतं, आणि एकाला काही झालं तर दुसरा सांभाळून घेतो. "सगळी लग्नं याचसाठी असतात," मी ह्यांना म्हटलं.

"मला तर तुझा पासवर्डसुद्धा माहीत नाही," हे म्हणाले.

मंडळाच्या सचिव अक्काताई मगदूम फॉर्म घेऊन घरी आल्या. त्यांनी कुळाच्या रकान्यात 'डेबियन' हे लिनक्समधलं घराणं लिहिलं, रंगाच्या रकान्यात 'करडा, एका बाजूला गंज'. गंज लिहू नका, असं मी सुचवलं. "वैजयंतीबाई, आवट्यांच्या घरात लपवाछपवी होत नाही असं मी त्यांना सांगून बसलेय," त्या म्हणाल्या. मग गंज राहिला. मुलाकडचंही डेबियनच होतं (माणसांत एका कुळात लग्न होत नाही, यंत्रांत तेच सोयीचं) आणि त्याचे दिवस तीन हजार नऊशे चाळीस होते. सोयरीक जुळण्यासारखी होती.

रविवारी अक्काताईंबरोबर मुलाचे वडील रावसाहेब उगारे सपत्नीक आले. मुलगा कुरुंदवाडलाच होता. बंद केल्याशिवाय त्याला हलवता येत नाही, हे आम्हीही समजू शकत होतो. रावसाहेबांनी लॅपटॉप उघडून त्याच्याशी जोडणी केली. मंजुळावर मी त्यांना पाहुण्यांचं खातं काढून दिलं. पोहे झाले. रावसाहेबांनी तिला तारीख विचारली, मेमरी विचारली, किती दिवस जागी आहेस ते विचारलं. तिने एकेका ओळीत उत्तरं दिली. उगारेबाई हळूच मला म्हणाल्या, "आवाज किती कमी हाय हो हिचा!" मला भरून आलं. तो पंखा मी तीनदा तेल घालून बसवला होता.

मग रीतीप्रमाणे दोघांना बोलायला एकटं सोडून आम्ही गच्चीवर टाकी बघायला गेलो. तिथे रावसाहेबांनी मुलाचं काम सांगितलं. त्यांचं घर नदीकाठी. गेली दहा वर्षं मुलगा दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी लिहून ठेवत होता. "दोन्ही मोठ्या पुरात गल्लीतली माणसं त्याच्या आकड्यावर बाहेर पडली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला अभिमान मला ओळखीचा वाटला, आणि माणूस आवडला.

चाळीस मिनिटांनी खाली आलो तर मंजुळाचा दिवा भराभर लुकलुकत होता. दोघांनी आपापलं सगळं एकमेकांना देऊन टाकलं होतं. ठरण्याआधी इतकं बरं नव्हे, असं अक्काताईंच्या चेहऱ्यावर दिसलं, पण त्यांनी तशी नोंद केली आणि वेळ लिहिली.

"मग आमची पसंती हाय," रावसाहेब म्हणाले. "फक्त दोन गोष्टी. पोरगी कोरी करून न्यायची. जुनं काय ठेवायचं न्हाई, समदं नव्यानं चढवायचं. आणि नाव बदलायचं."

"मुलाचं नाव काय?" ह्यांनी विचारलं.

"एक."

"आणि हिचं?"

"दोन. आमच्यात नंबरच असत्यात. नावं ठेवली की जीव गुंततो, मग मशीन बदलताना हात थरथरतो."

मला राग आला. मी तो गिळला नाही. "रावसाहेब, माझा जीव गुंतलेलाच आहे," मी म्हटलं. "कोरी केली की तिचे साडेआठ वर्षांचे दिवस गेले, भजनं गेली, आणि टाकी ओसंडून जिन्यापर्यंत पाणी येईल. मंजुळा मंजुळाच राहील. नाहीतर पोहे आवडले असं सांगा आणि या."

"बाई, रीत हाय."

"मग तिलाच विचारा."

रावसाहेबांनी लॅपटॉप मांडीवर ओढला आणि तिला नवं नाव दिलं. मंजुळाने उत्तर दिलं: परवानगी नाही.

"सुनेनं मधी बोलायचं नसतं," रावसाहेब म्हणाले आणि लाल झाले. आता आधी बंद करतो, मग बोलू, असं म्हणत त्यांनी मोठ्या अधिकाराने आज्ञा लिहिली. त्यांच्या पडद्यावर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी होत्या, एक मुलाची आणि एक मंजुळाची. आमच्या कामात कितीही घाई असली तरी एंटर मारण्याआधी ओळीच्या सुरुवातीला यंत्राचं नाव वाचायचं असतं. रावसाहेबांनी ते वाचलं नाही. दहा वर्षांत त्यांच्याकडे वाचण्यासारखं नावच नव्हतं.

एंटर वाजला. त्याच क्षणी बाहेर पाण्याची मोटार थांबली.

"बघा," रावसाहेब म्हणाले. "ऐकलं की न्हाई?"

मोटार थांबली होती ती टाकी भरली म्हणून, आणि ती मंजुळाने थांबवली होती. तिचा दिवा त्यांच्या पाठीमागे लुकलुकत होता. रावसाहेबांनी वळून तो पाहिला. मग पडद्याकडे पाहिलं. उजवीकडची, मुलाची खिडकी गोठली होती.

त्यांनी कुरुंदवाडला भावाला फोन लावला. भावाने बटण दाबलं. दहा वर्षं न थांबता फिरलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नसतं. फोनमधून टक, टक, टक एवढंच ऐकू येत होतं. भावाने पाच वेळा प्रयत्न केला.

"पुराचे आकडे," उगारेबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

रावसाहेब खुर्चीत बसून राहिले. एवढा मोठा माणूस कपाटातल्या चपलांकडे बघत होता. मला त्यांचा राग येईना. मी मंजुळासमोर बसले, नाव वाचलं आणि विचारलं. तिने दहा वर्षांची नदी ओळीओळीने पडद्यावर उतरवायला सुरुवात केली. शेवटची नोंद सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांची होती, आम्ही गच्चीवर होतो तेव्हाची.

"आहे," मी म्हटलं. "सगळं आहे माझ्या मुलीकडे. एक आकडाही सांडलेला नाही."

इतक्या ताठ मानेने मी निरोपसमारंभालाही उभी राहिले नव्हते.

पुढच्या बुधवारी मंडळाची बैठक झाली. वराला आता शरीर नव्हतं आणि त्याचे सलग दिवस शून्य होते, त्यामुळे प्रकरण सोपं नव्हतं. अक्काताईंनी नियम चौदा वाचून दाखवला: वधूवरांपैकी किमान एकाला डबा असावा. तो होता. दिवसांची अट नोंदणीच्या वेळी पाहायची असते, नंतर नाही, असं त्यांनी ठरवलं. राहण्याच्या रकान्यात 'सासर' छापलेलं होतं. ते खोडून त्यांनी 'वधूकडे' लिहिलं आणि बाजूला सही केली. मंजुळाचं नाव जसंच्या तसं राहिलं. तिच्यात मुलासाठी एक वेगळी खोली काढून दिली, आणि रावसाहेबांनी मुलाला नवा डबा घेण्याऐवजी कोरी डिस्क आणून हुंडा नव्हे, भेट आहे असं चारचौघांत सांगितलं.

नदीचे आकडे आता कुरुंदवाडहून थेट मंजुळाकडे येतात. टाकी आणि नदी दोन्ही ती बघते, आणि आवाज अजूनही कमीच आहे.

रावसाहेब दर रविवारी मुलाला भेटायला येतात. चपला काढतात, जिन्याखाली स्टुलावर बसतात, चहा घेतात. आज्ञा लिहून झाली की बोट एंटरवर नेतात आणि तिथेच थांबतात.

"विहीणबाई," ते मोठ्याने विचारतात, "मी आता कुठं हाय?"

मी चष्मा लावून ओळीची सुरुवात वाचते.

"सुनेच्या घरी," मी सांगते, आणि मग ते एंटर मारतात.