तिसऱ्या मजल्यावरील नळाचे बंड मोडिले, त्याचा मजकूर

श्रीजलदेवता प्रसन्न. स्वामींनी सेवकास पुसिले की, तिसऱ्या मजल्याचे राज्यात नळाने बंड केले ते कैसे आणि मोडिले ते कोणी, हे साद्यंत लिहावे. त्यावरून जे डोळां पाहिले आणि जे जिन्यात ऐकिले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण मंडळी हयात आहेत आणि आम्हांस त्याच जिन्याने जाणे-येणे आहे.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक सरून मार्गशीर्ष लागता. ते समयी तीन खोल्यांचे गादीवर राजश्री त्र्यंबकराव होते, आणि हुकूम त्यांच्या कुटुंबाचा, द्वारकाबाईसाहेबांचा, चालत होता. त्यांची कन्या ऋजुताबाई बाळंतपणास माहेरी आली आणि पुत्र जाहला आणि साखर वाटली, मग लेकीस व नातवास तीन महिने ठेवून घ्यावे, डिंकाचे लाडू खाऊ घालावे, ऐसे बाईसाहेबांनी योजिले. परंतु त्या राज्याची एक जुनी चाल होती. पाणी पहाटे कधीतरी येई आणि पाऊण तासात जाई. वेळेचा भरवसा नाही, म्हणून निजतेवेळी स्वयंपाकघरातील नळ उघडाच ठेवीत आणि त्याची रबरी नळी पिंपात सोडीत. मग पाणी यावयाचे आधी नळातून वारा सुटे आणि बाळंतिणीच्या भिंतीपलीकडे मोरीतून गेलेला पाइप ऐसा हंबरे आणि ऐसा थडथडे की मुडदाही उठून बादली धरील. पंचवीस वर्षे सारे राज्य त्या हाकेवर उठत होते. आता मात्र बाळराजेही उठत आणि ऊन चढेतो रडत, आणि ऋजुताबाईंचे डोळे खोल गेले.

पाचवीचे पूजेस विहीणबाई गोदावरीबाई आल्या, मुक्कामास राहिल्या, आणि पहाटे नळ हंबरला तेव्हा अंथरुणात ताडकन उठून बसल्या. त्यांचा दरारा मोठा. चहा घेतेवेळी बोलिल्या, "इथं पोरीच्या डोळ्याला डोळा नाही. रविवारी बारशाला येते. तोवर हा नळ गप्प झाला तर ठीक, नाहीतर दोघांना घेऊनच जाईन." द्वारकाबाईसाहेब डिंक तळीत होत्या. त्यांचा हात तसाच राहिला आणि डिंक करपला.

मग त्र्यंबकरावांनी कंबर बांधिली. प्रथम वरच्या मजल्याचे संस्थानिक सोहोनी यांजवर संशय धरून जाब पुसिला. सोहोनी दात घाशीत दारात आले आणि म्हणाले, "अहो, आवाज तुमच्याच भिंतीत होतो. आणि बंद करू नका बरं, आम्हीही त्यानंच उठतो पाणी भरायला." हे उत्तर त्र्यंबकरावांस उद्धट वाटले. मग स्वतः स्टुलावर चढोन मोरीतला पाइप घरातील गोधड्यांनी आवळिला, आणि गोधड्या सरल्या तेव्हा दोरीवरच्या दुपट्यांस हात घातिला. "अहो, बाळाची दुपटी काय गुंडाळताय नळाला? त्याला का थंडी वाजतेय?" ऐसे बाईसाहेब कडाडल्या. दुसरे दिवशी नळ गोधड्यांसकट हंबरला. तेव्हा शनिवारी लतीफ मिस्त्री यांस पाचारण जाहले. मिस्त्रींनी पाइपावर तळहात ठेविला, बहुत वेळ ठेविला, आणि सांगितले, "काका, क्लिपा गंजून गळाल्यात, म्हणून पाइप भिंतीवर आपटतो. अन् हवेला बाहेर पडायला वाट नाही, ती बोंबलते." मग क्लिपा ठोकिल्या आणि हवा सुटावयास वर झडप बसविली, आणि जाताना बोलिले, "पण काका, आता पाणी आलेलं कळायचं नाही. नळ बंद करून झोपा." त्र्यंबकराव फत्तेच्या आनंदात होते. म्हणाले, "मिस्त्री, पंचवीस वर्षांत पाणी आलं आणि आम्हांला कळलं नाही, असं एक दिवसही झालेलं नाही." आणि निजतेवेळी चालीप्रमाणे नळ उघडाच ठेविला.

रविवारी, शुद्ध सप्तमीस, पाणी आले ते चोरपावली आले. पिंप भरले, मग सांडले, आणि स्वयंपाकघर पडले, आणि दिवाणखाना पडला, आणि बारशाचे पाट तरंगो लागले, आणि साऱ्या राज्यात घोरण्यावाचून शब्द नव्हता. इतक्यात सकाळचे गाडीने विहीणबाई दारी आल्या आणि कडी वाजविली. द्वारकाबाईसाहेब उठल्या तो पाय घोट्याइतक्या पाण्यात. तैसेच जाऊन दार उघडिले, तो पाणी विहीणबाईंच्या नव्या चपलांवरून जिना उतरो लागले. बाईसाहेबांचा धीर सुटला. आता लेक गेली आणि नातूही गेला, ऐसे मनात येऊन त्यांस रडू कोसळले. विहीणबाईंनी आत पाहिले. पाळण्यात बाळराजे मुठी वळून निजलेले, आणि खाटेवर ऋजुताबाई, बारा दिवसांत प्रथमच, तोंड उघडे टाकून घोरत असलेल्या. मग गोदावरीबाईंनी बोट ओठांवर ठेविले आणि पदर खोचिला आणि नळ बंद केला आणि केरसुणी मागितली. त्र्यंबकराव काही खुलासा करू गेले, तो दबक्या आवाजात म्हणाल्या, "हळू हो व्याही. पोरगी उठेल." दोघी विहिणी पाणी मोरीकडे लोटीत होत्या, तेव्हा बाईसाहेबांनी भीत भीत पुसिले, "मग... नेणार का हो त्यांना?" गोदावरीबाई बोलिल्या, "कुठं नेऊ? आमच्याकडचा नळ याहून मोठ्यानं बोंबलतो. परवा बोलले नाही इतकंच. तुमच्या मिस्त्रीला आमच्याकडं पाठवा, तोवर राहू द्या इथंच. अन् त्याला म्हणावं, घाई करू नको." द्वारकाबाईसाहेबांनी त्या पाण्यातच त्यांस मिठी मारिली.

सारांश. बारसे ओल्या फरशीवर जाहले. नाव वरुण ठेवा, ऐसे सोहोनींनी सुचविले. नळ न हंबरल्याने त्यांचे घरी त्या दिवशी थेंब भरला नव्हता, म्हणून तो टोमणा समजोन कोणी मनावर घेतला नाही. पुढे गजराचे घड्याळ आणिले, त्याने बाळराजे दचकले, म्हणून बाईसाहेबांनी ते कपाटात कोंडिले. तेव्हापासून त्र्यंबकराव पहाटे कानटोपी घालून मोरीत स्टुलावर बसतात आणि मिस्त्रींप्रमाणे पाइपावर तळहात ठेवितात. पाइप गार लागला म्हणजे पाणी आले. मग वर सोहोनींस एक मिसकॉल देतात आणि नळ हलकेच सोडितात. तीन महिने भरले, लेक व नातू सासरी गेले. स्टूल अद्याप मोरीतच आहे, आणि त्र्यंबकराव अद्यापही नळ हलकेच सोडितात, हे पाहिले म्हणून लिहिले.